प्रोग्रॅमिंग शिकवा ओपन सोर्सवर: लॅबच्या मांडणीपासून परीक्षेपर्यंत

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या विषयाचे पहिले दोन आठवडे बहुतेक वर्गांत इन्स्टॉलेशनच खाऊन टाकतं. कुणाच्या लॅपटॉपवर पायथॉनच्या तीन आवृत्त्या असतात, कुणाला कंपायलर सापडत नाही, कुणाची फाइल सेव्ह होते पण कुठे झाली ते कळत नाही. शिक्षक लूपवर येतात तेव्हा निम्मा वर्ग अजून 'हे चालू कसं करायचं' यातच अडकलेला असतो. ओपन सोर्स साधनं, म्हणजे ज्यांचा मूळ कोड कुणालाही पाहता-बदलता येतो ती, फुकट आहेत म्हणून वापरा, असं नेहमी सांगितलं जातं. शिकवणाऱ्याला मात्र त्यांचा खरा उपयोग वेगळाच आहे. लॅबमध्ये जे आहे तेच, त्याच आवृत्तीत, विद्यार्थ्याला घरी ठेवता येतं. परवान्याची मुदत संपत नाही. आणि कुतूहल वाटलं तर झाकण उघडून आत डोकावता येतं. संगणक या क्षणी नेमकं काय करतोय हे विद्यार्थ्याला दिसतंय का, ही एकच कसोटी लावून पुढच्या सगळ्या निवडी केल्या आहेत.

हिशेबासाठी साठ विद्यार्थ्यांचा वर्ग, तीस-तीसच्या दोन तुकड्या, आठवड्याला दोन तास व्याख्यान, दोन तास लॅब आणि चौदा आठवड्यांचं सत्र धरलं आहे.

साधनं ठरवताना

भाषा निवडण्याची मोकळीक असेल तर पायथॉन घ्या, आणि एडिटर म्हणून थॉनी. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात खास नवशिक्यांसाठी तयार झालेला हा एडिटर एमआयटी परवान्याखाली मिळतो आणि पायथॉन सोबतच घेऊन येतो. म्हणजे इन्स्टॉलेशन एकच. त्याचा डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम टप्प्याटप्प्यानं चालवून दाखवणारा भाग, ही त्याची खरी किंमत. कंट्रोल-एफ५ दाबून प्रोग्रॅम सुरू केला की एफ६ एकेक टप्पा पुढे नेतो आणि एफ७ टप्प्याच्या आत शिरतो. 'दोन अधिक तीन गुणिले चार' यात आधी गुणाकाराच्या जागी बारा येतात, मग बेरजेच्या जागी चौदा, हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहतो. फंक्शनमध्ये शिरल्यावर वेगळी खिडकी उघडते आणि तिच्यात त्या फंक्शनचे स्वतःचे व्हेरिएबल दिसतात. रिकर्शन, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच बोलावणं, शिकवताना या एकावर एक उघडणाऱ्या खिडक्यांइतकं चांगलं चित्र फळ्यावर काढता येत नाही.

ज्युपिटर नोटबुक पहिल्या सत्रात सुरुवातीलाच देऊ नका. ते डेटाच्या कामाला उत्तम, पण त्यातले सेल, म्हणजे कोडचे सुटे चौकोन, कोणत्याही क्रमानं चालवता येतात, आणि पुसून टाकलेल्या ओळीतला व्हेरिएबल स्मृतीत तसाच राहतो. विद्यार्थ्याच्या स्क्रीनवर प्रोग्रॅम चालतो, तुमच्याकडे चालत नाही, आणि दोघंही खरंच बोलत असतात. फाइल वरून खाली चालते हे अंगवळणी पडल्यावर, साधारण दहाव्या आठवड्यापासून, नोटबुक आणा. तेव्हाही जमा करण्याआधी कर्नल (मागे कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करून सगळे सेल पुन्हा चालवायची सक्ती ठेवा.

अभ्यासक्रमात सी भाषा असेल तर जीसीसी हा कंपायलर आणि जिआनीसारखा हलका एडिटर पुरेसा आहे, मात्र कंपायलर नुसता चालवू नका. डब्ल्यूऑल आणि डब्ल्यूएक्स्ट्रा हे इशाऱ्यांचे दोन्ही पर्याय, डीबगसाठी जी हा पर्याय आणि ॲड्रेस सॅनिटायझर हे सगळं एका मेकफाइलमध्ये (कंपाइल करण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) पहिल्या दिवसापासून बांधून द्या. स्कॅनएफमध्ये अँपरसँड विसरला तर इशारा कंपाइल करतानाच मिळतो. ॲरेच्या बाहेर लिहिलं तर नुसतं 'सेगमेंटेशन फॉल्ट' न येता चूक कोणत्या ओळीत झाली ते दिसतं. व्हॅलग्रिंड हे स्मृतीतल्या चुका शोधणारं साधनही दाखवायचं असेल तर त्यासाठी सॅनिटायझर काढून वेगळं कंपाइल करा. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

लॅब उभी करणं

आधी एकच संगणक पूर्ण तयार करा: डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती, थॉनी, गिट (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन), जीसीसी, आणि पायथॉनचे दस्तऐवज एचटीएमएल स्वरूपात उतरवून डेस्कटॉपवर. नेट गेलं तरी लॅब थांबू नये यासाठी हे शेवटचं. मग क्लोनझिलानं त्या डिस्कची प्रतिमा घ्या आणि बाकीच्या एकोणतीस संगणकांवर उतरवा. प्रतिमा घेण्याआधी मशीन-आयडीची, म्हणजे संगणकाच्या ओळख क्रमांकाची, फाइल रिकामी करायला विसरू नका. ती तशीच राहिली तर काही मांडणींत दोन संगणक एकच नेटवर्क पत्ता मागतात, आणि दर दहा मिनिटांनी कुणाचं तरी नेट तुटण्याचं कारण शोधण्यात आठवडा जातो. संगणकाची नावंही वेगळी करा. नंतरचे छोटे बदल, एखादं पॅकेज वगैरे, अन्सिबल या अनेक संगणक सांभाळणाऱ्या साधनाच्या एका फाइलमधून सगळ्यांवर एकदम ढकलता येतात. त्यासाठी पुन्हा प्रतिमा घेत बसू नये.

पॅकेजांची एक गोची आधीच सांगून ठेवा. डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनानं थेट काही घालायला गेलं की 'हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं' अशा अर्थाची एरर येते. नेटवर शोधलं की ती मोडून काढणारा पर्याय लगेच सापडतो, आणि विद्यार्थी तोच वापरतात. तो वापरू देऊ नका. व्हेनव्ह, म्हणजे पायथॉनचं वेगळं राखलेलं वातावरण, करून द्या. तीस संगणक एकाच वेळी नेटवरून पॅकेज ओढू लागले की लॅब बसते. म्हणून लागणारी पॅकेजेस एकदा पिप डाउनलोडनं एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा आणि इन्स्टॉल करताना नेटवर न जाता त्याच फोल्डरमध्ये शोधायला सांगा.

विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपसाठी एका पानाची सूचना पुरते, पण तिच्यात तीन गोष्टी हव्यातच. आवृत्ती कोणती, ते आकड्यात. विंडोजमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन दिसेल अशी सेटिंग, नाहीतर 'पीवाय डॉट टीएक्सटी' अशा फाइली जमा होतात. आणि कामाचं फोल्डर कुठे करायचं ते. डाउनलोड्समध्ये नाही आणि झिप फाइलच्या आत तर नाहीच. झिप न उलगडता आतली फाइल उघडून तास-दीड तास काम करणारे दर वर्षी दोन-तीन तरी निघतात.

ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही किंवा फारच जुना आहे, त्यांच्यासाठी ब्राउझरमधून काम करता येईल असा एक सर्व्हर ठेवा. लिटलेस्ट ज्युपिटरहब हे वितरण एका सर्व्हरवर शंभरेक वापरकर्त्यांपर्यंत बेतलेलं आहे. स्मृतीचा हिशेब सरळ आहे: एका वेळी जास्तीत जास्त किती जण, गुणिले प्रत्येकाला किती स्मृती, अधिक १२८ एमबी. तीस जणांना प्रत्येकी ५१२ एमबी म्हणजे १५ जीबी आणि वर थोडी. १६ जीबीचा सर्व्हर जेमतेम पुरतो. प्रत्येकाची मर्यादा ठरवल्याशिवाय सर्व्हर उघडूच नका. न थांबणाऱ्या लूपमध्ये यादीला घटक जोडत बसलेला एकच विद्यार्थी बाकी एकोणतीस जणांना बाहेर काढू शकतो, आणि पहिल्या महिन्यात असा एक तरी असतोच.

पहिला तास

पहिल्या तासात भाषेचा इतिहास सांगू नका. थॉनी उघडा, उजवीकडे व्हेरिएबलची खिडकी चालू करा आणि तीन ओळी लिहा: 'अ'मध्ये ३ ठेवा, 'ब'मध्ये 'अ' ठेवा, 'अ'मध्ये ७ ठेवा. आता चालवू नका. 'ब' किती, हे प्रत्येकाला वहीत लिहू द्या, मग हात वर करायला सांगा. तीन म्हणणारे आणि सात म्हणणारे, दोन्ही गट निघतात. सात म्हणणाऱ्यांनी बरोबरीचं चिन्ह गणितातलं समजलेलं असतं. त्यांच्या मते 'ब' आणि 'अ' आता कायमचे बांधले गेले. शेजाऱ्याला पटवायला दोन मिनिटं द्या, पुन्हा हात वर, आणि मगच एफ६ दाबत तीन टप्प्यांत दाखवा. या साऱ्याला बारा मिनिटं लागतात. बरोबरीच्या चिन्हाचा अर्थ 'उजवीकडचं काढ आणि डावीकडच्या नावाला चिकटव' असा आहे, हे इथे पक्कं झालं नाही तर सहाव्या आठवड्यात याद्यांपाशी सगळं ढासळतं.

उरलेल्या वेळात मुद्दाम चुका करा. कंस विसरा, नावाचं स्पेलिंग चुकवा, शून्यानं भागा. प्रत्येक वेळी एरर शेवटच्या ओळीपासून वर वाचायची, असं मोठ्यानं वाचून दाखवा: आधी काय झालं, मग कुठे झालं. एरर म्हणजे ओरडा नसतो, पत्ता असतो, हे पहिल्याच दिवशी कळलेला विद्यार्थी पुढे निम्म्या शंका स्वतःच सोडवतो.

आठवड्याची घडी

२००१ मध्ये मायकेल मॅकक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहायला दिले, तेव्हा सरासरी गुण ११० पैकी २३ च्या आसपास आले. २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांत त्याच्या मुळाशी जायचा प्रयत्न केला. बऱ्याच विद्यार्थ्यांना लिहिणं तर सोडाच, समोरचा छोटा प्रोग्रॅम ओळीनं वाचून उत्तर सांगणंही जमत नव्हतं. तरीही आपल्या लॅबच्या पत्रिका 'प्रोग्रॅम लिहा' इथूनच सुरू होतात. क्रम उलटा करा.

दोन तासांच्या लॅबमधली पहिली वीस मिनिटं संगणक बंद. कागदावर आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम द्या आणि प्रत्येक फेरीला व्हेरिएबलची किंमत तक्त्यात भरायला सांगा. मग तोच प्रोग्रॅम थॉनीत टप्प्याटप्प्यानं चालवून तक्ता तपासायचा. पुढची पंधरा-वीस मिनिटं ओळी जुळवण्याचं कोडं. ही पद्धत डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडली. बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून द्यायच्या, सोबत एक-दोन चुकीच्या ओळी मिसळायच्या, आणि क्रम व इंडेंटेशन लावायला सांगायचं. टायपिंगची अडचण बाजूला राहते, विचार तेवढा उरतो. त्यानंतरचा तासभर लेखन, पण तेही आधी दिलेला प्रोग्रॅम बदलण्यापासून: बेरीज करतो तो सरासरी काढू दे, मग सर्वांत मोठी संख्या शोधू दे, मग कोऱ्या फाइलवर नवा. शेवटची वीस मिनिटं फिरत फिरत तोंडी प्रश्नांसाठी राखा.

लेखन जोडीनं होऊ द्या. एकाच्या हातात कीबोर्ड, दुसऱ्याकडे कागद, आणि दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल. अदलाबदल घड्याळ लावून करा. विद्यार्थ्यांवर सोडलं तर हुशार हातातला कीबोर्ड शेवटपर्यंत सुटत नाही. प्रत्येक संगणकावर दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या ठेवा: अडलोय, झालं. हात वर करून पाच मिनिटं ताटकळणारा विद्यार्थी तेवढा वेळ काहीच करत नाही. चिठ्ठी लावून मात्र तो काम चालू ठेवतो. शिवाय खोलीत लाल रंग एकदम वाढला की सगळ्यांना थांबवून फळ्याकडे वळायची वेळ झाली, हे तुम्हालाही कळतं.

व्याख्यानात स्लाइडवरचा तयार कोड दाखवू नका. समोर टाइप करा, बोलत बोलत, अडखळत. अक्षरं मोठी ठेवा, इतकी की स्क्रीनवर वीस-बावीस ओळीच मावतील.

घटकांच्या क्रमाबद्दल एकच आग्रह: फंक्शन तिसऱ्या आठवड्यात आणा, लूपच्याही आधी. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत ती लांबली की विद्यार्थ्याला शंभर ओळींची सलग फाइल लिहायची सवय जडते आणि ती पुढे सुटत नाही. आपोआप तपासणीही फंक्शनवरच नीट चालते. बाकी अटी, लूप, याद्या, शब्दकोश, फाइली हा नेहमीचा क्रम ठीकच आहे.

हमखास अडणाऱ्या जागा

यादृच्छिक संख्यांच्या धड्याला विद्यार्थी फाइलचं नावच 'रँडम' ठेवतो. मग त्या फाइलमधली इम्पोर्टची ओळ लायब्ररीऐवजी त्याच्याच फाइलला बोलावते आणि 'रँडम मॉड्यूलमध्ये रँडइंट नाही' अशी एरर येते. कोड अक्षरशः तुमच्यासारखाच, तरी चालत नाही. 'टर्टल'च्या धड्याला हेच पुन्हा. शिवाय ही फाइल त्या फोल्डरात राहिली तर तिथले रँडम वापरणारे बाकीचे प्रोग्रॅमही मोडतात. त्यामुळे फाइलींच्या नावांचा साचा ठरवून द्या: आठवडा, प्रश्न क्रमांक, हजेरी क्रमांक.

प्रिंट आणि रिटर्न यांतला घोळ सर्वांत चिवट असतो. थॉनीच्या शेलमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, कारण शेल परत आलेली किंमतही छापतं. शब्दांनी समजावू नका. दोन फंक्शन लिहा, एक छापणारं आणि एक परत देणारं, आणि दोन्हींच्या उत्तरात १ मिळवायला सांगा. छापणारं फंक्शन उत्तर छापतं आणि लगेच कोसळतं, 'नन'मध्ये, म्हणजे 'काहीच नाही' या किमतीत, संख्या मिळवता येत नाही म्हणून. तो क्षण पाहिला की फरक कळतो.

इनपुटमधून नेहमी मजकूर येतो. ५ आणि ३ ची बेरीज ५३ येते तेव्हा वर्ग हसतो आणि ही गोष्ट लक्षात ठेवतो. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ दिसते तेव्हा मात्र हसून पुढे जाऊ नका. दशांशातले हे अपूर्णांक द्विमानात नेमके मावत नाहीत, जसा एक-तृतीयांश दशांशात मावत नाही, हे तिथेच सांगा. तुलना करताना फरक अगदी लहान आहे का ते पाहायचं, थेट बरोबरी तपासायची नाही.

पीडीएफमधून किंवा वर्ड प्रोसेसरमधून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार येतात आणि सिंटॅक्स एरर मिळते. डोळ्यांना फरक दिसत नाही, विद्यार्थी वीस मिनिटं घालवतो. कोड कधीही पीडीएफमधून देऊ नका, साध्या फाइलमधून द्या. याच जातीची आपल्याकडची चूक म्हणजे कीबोर्ड मराठीवर राहणं. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, पण कोडमध्ये आकडा देवनागरीत लिहिला की सिंटॅक्स एरर. गंमत अशी की इनपुटमधून आलेला '१२' हा देवनागरी मजकूर इंट फंक्शन निमूटपणे बारा म्हणून स्वीकारतं.

मजकुराच्या धड्याला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारा. वर्ग तीन म्हणेल, पायथॉन पाच म्हणतो: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. तोच शब्द उलटा करून छापा, वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. युनिकोडवरच्या तासभराच्या व्याख्यानापेक्षा हे जास्त शिकवतं. आणि लगेच फाइलचा मुद्दा: विंडोजवर देवनागरी फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं नाही तर एरर येते किंवा गिचमिड दिसतं, लॅबच्या लिनक्सवर तोच प्रोग्रॅम नीट चालतो. 'लॅबमध्ये चाललं होतं' या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथून येतात.

आपोआप तपासणी

साठ विद्यार्थी आणि आठवड्याला चार प्रश्न म्हणजे २४० प्रोग्रॅम. हातानं तपासले तर शेरे दोन आठवड्यांनी पोचतात, तोवर विद्यार्थी ते काम विसरलेला असतो. मूडल (अभ्यासक्रम आणि चाचण्या ऑनलाइन चालवणारी प्रणाली) असेल तर त्यात कोडरनर हा प्रश्नप्रकार बसवा. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात तयार झालेलं हे ओपन सोर्स प्लगइन विद्यार्थ्याचा कोड जोब नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर चालवतं. जोब मूडलच्याच संगणकावर ठेवू नका. तिथे अनोळखी कोड चालणार आहे; वेगळा संगणक, बाहेरच्या नेटला बंद, फक्त मूडलकडून येणाऱ्या विनंत्या स्वीकारणारा.

प्रश्न करताना पूर्ण प्रोग्रॅमऐवजी फंक्शन मागा. पूर्ण प्रोग्रॅमचा आउटपुट अक्षरन् अक्षर जुळवला जातो. 'सरासरी:'नंतर एक जागा कमी पडली म्हणून तर्क बरोबर असलेल्याला शून्य मिळतं, आणि पुढचा आठवडाभर वर्ग तर्क सोडून जागा मोजत बसतो. इनपुट वाचणारा प्रोग्रॅम हवाच असेल तर टाइप केलेलं आउटपुटात उमटवणारा वेगळा प्रकार कोडरनरमध्ये आहे, तो घ्या. नाहीतर अपेक्षित आउटपुट स्क्रीनवर दिसतं तसं जुळत नाही.

एका प्रश्नाला सहा ते आठ चाचण्या पुरतात. दोन उदाहरण म्हणून उघड, दोन-तीन नेहमीच्या, बाकी कडेच्या: रिकामी यादी, एकच घटक, सगळे सारखे, ऋण संख्या. कडेच्या चाचण्यांतल्या एक-दोन लपवा, सगळ्या नव्हे. 'लपलेली चाचणी चुकली' एवढंच वाचून विद्यार्थी काहीही शिकत नाही. अपूर्णांकांची उत्तरं ठरावीक दशांशापर्यंत छापूनच जुळवा. दंडाची श्रेणी सराव प्रश्नांना शून्य ठेवा. मूल्यमापनात पहिले दोन प्रयत्न मोफत आणि पुढे दहा-दहा टक्के. दंडच नसेल तर विद्यार्थी विचार सोडून तपासणीच्या बटणालाच डीबगर करतात. आणि प्रश्न उघडण्याआधी तुमचं स्वतःचं उत्तर त्याच प्रश्नात घालून चालवा. सोपं वाटतं, पण चुकीची अपेक्षित उत्तरं वर्गापर्यंत पोचतात ती इथेच.

मूडल नसेल तर पायटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनाची फाइल विद्यार्थ्यांनाच द्या. ते घरी चालवतील, तुम्ही गुणांसाठी वेगळ्या चाचण्या ठेवा. नोटबुकवर काम असेल तर एनबीग्रेडर आहे, त्यात शिक्षकाच्या प्रतीतून उत्तरं आपोआप काढून विद्यार्थ्यांची प्रत बनते.

यंत्राला शैली कळत नाही. दर आठवड्याला प्रत्येक तुकडीतली पाच सबमिशन्स डोळ्यांखालून घाला आणि नावं न घेता वर्गात दोन दाखवा: एक नीटनेटकं, एक चालणारं पण वाचवत नाही असं.

गिट कधी, किती

पाचव्या आठवड्याआधी नको. टिकवून ठेवावं असं काही लिहिल्याशिवाय गिटची गरजच कळत नाही. आणि मग सहा आज्ञा: क्लोन, स्टेटस, ॲड, कमिट, पुश, पुल. ब्रँच दुसऱ्या सत्रात. गिटचा सर्व्हर स्वतःचा हवा असेल तर फोर्जेजो किंवा गिटी एका लहानशा संगणकावर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेससह आरामात चालतात.

लॅबच्या संगणकांवर दोन गोष्टी बिघडतात. पहिली नावाची: सगळे एकाच लॉगिननं बसत असतील आणि पहिल्यानं आपलं नाव ग्लोबल सेटिंगमध्ये लिहिलं असेल, तर पुढच्या सगळ्या तुकड्यांचे कमिट त्याच्याच नावावर जातात. वेगळी लॉगिन द्या, किंवा नाव प्रत्येक रिपॉझिटरीपुरतंच लिहायला लावा. दुसरी संदेशाची: संदेश न देता कमिट केलं की बऱ्याच संगणकांवर विम हा एडिटर उघडतो आणि विद्यार्थ्याला बाहेर पडता येत नाही. तो खिडकीच बंद करतो, कमिट होत नाही, आणि झालं असं समजून घरी जातो. एडिटर म्हणून नॅनो लावून ठेवा.

नकल

जेप्लॅग हे ओपन सोर्स साधन कोडचे टोकन, म्हणजे अर्थाचे सुटे तुकडे, करून तुलना करतं, त्यामुळे व्हेरिएबलची नावं बदलली किंवा टिपा घातल्या तरी फसत नाही. तुम्ही दिलेला सांगाडा त्याला मूळ कोड म्हणून वेगळा दाखवा, नाहीतर सगळा वर्गच एकमेकांची नकल ठरतो. दहा-पंधरा ओळींच्या प्रश्नावर ते चालवू नका. इतका छोटा प्रोग्रॅम लिहिण्याच्या मोजक्याच सरळ रीती असतात. टक्क्यांच्या यादीत वर आलेल्या जोड्या स्वतः उघडून पाहा. दोघांकडे तीच निरुपयोगी ओळ किंवा तीच विचित्र चूक असेल तर तो खरा पुरावा, नुसता टक्का नव्हे.

एआयनं लिहून दिलेला कोड मात्र यात सापडत नाही. त्यावर एकच उपाय टिकतो: प्रत्येक मोठ्या असाइनमेंटनंतर पाच मिनिटांची तोंडी. 'ही ओळ काढली तर काय होईल?' आणि 'यादी रिकामी आली तर?' असे दोन प्रश्न, आणि एक छोटा बदल समोर करून दाखवणं. साठ जणांचे पाच तास होतात, लॅबच्या त्या राखीव वीस मिनिटांत जेमतेम चार जण बसतात. म्हणजे एका तुकडीला आठ आठवडे. त्यामुळे सत्रात अशी मोठी असाइनमेंट एकच ठेवा आणि तोंडी सहाव्या आठवड्यापासून लावायला घ्या.

झाकण उघडून आत

शब्दकोश शिकवून झाले की पायथॉनच्या शेलमध्ये 'इम्पोर्ट धिस' करायला सांगा. भाषेची तत्त्वं छापून येतात. मग तीच फाइल एडिटरमध्ये उघडा. आत तो मजकूर दिसतच नाही, सगळी अक्षरं सांकेतिक. खाली मोजक्या ओळींचा कोड: एक शब्दकोश तयार होतो, प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढच्या अक्षराशी जोडलं जातं, आणि त्यातून मजकूर उलगडतो. लूप, शब्दकोश, बाकी काढणं, अक्षरांचे क्रमांक हे सगळं शिकलेलंच, पण खऱ्या लायब्ररीच्या आत. ते कसं चालतं हे लिहून आणायला सांगा आणि पुढच्या वेळी स्वतःचा संदेश त्याच रीतीनं दडवून आणायला सांगा. पुढची पायरी म्हणजे कॅलेंडर किंवा टेक्स्टरॅप मॉड्यूल. त्यातलं एकच फंक्शन निवडून वाचायचं.

बाहेरच्या ओपन सोर्स प्रकल्पांत योगदानाला गुण ठेवायचे असतील तर 'बदल स्वीकारला गेला' यावर गुण कधीही ठेवू नका. तो निर्णय अनोळखी, बहुधा बिनपगारी सांभाळणाऱ्यांच्या हातात असतो, आणि गुणांसाठी पाठवलेल्या फुटकळ बदलांचा त्यांना त्रास होतो. २०२० च्या हॅकटोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्स योगदानाच्या ऑक्टोबरातल्या स्पर्धेत, टी-शर्टसाठी अशा बदलांचा इतका पूर आला की स्पर्धा चालू असतानाच, फक्त स्वतःहून सहभागी होणाऱ्या प्रकल्पांपुरतीच ती मर्यादित करावी लागली. गुण ठेवा ते आधीच्या कामावर: एखादी नोंदवलेली चूक आपल्या संगणकावर पुन्हा घडवून दाखवणं, ती कोणत्या फंक्शनमध्ये आहे ते शोधणं, आणि मोजक्या शब्दांत लिहिणं.

प्रात्यक्षिक परीक्षा

लॅबमध्ये सत्रभर वापरलेली तीच थॉनी, तेच मूडल. परीक्षेला नवं साधन आणू नये. परीक्षेपुरतं बाकी सारं बंद ठेवणारा सेफ एक्झाम ब्राउझर ओपन सोर्स आहे, पण तो लिनक्सवर चालत नाही. लिनक्सच्या लॅबमध्ये राउटरवरूनच मूडल वगळता बाकी सारं बंद करा. दस्तऐवज डेस्कटॉपवर आहेतच. प्रश्नांत एक वाचनाचा, एक चुका शोधण्याचा, दोन लिहिण्याचे ठेवा.

गोंधळ होतो तो शेवटच्या पाच मिनिटांत. तीस जण एकदम तपासणीचं बटण दाबतात, जोबवर रांग लागते, त्यातल्या दोघांच्या कोडमध्ये न थांबणारा लूप असतो आणि ते मुदत संपेपर्यंत जागा अडवतात. एका चाचणीची वेळमर्यादा दोन-तीन सेकंदच ठेवा, दोन तुकड्यांच्या वेळांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, आणि परीक्षेच्या आठवडाभर आधी नेहमीच्या लॅबमध्ये रंगीत तालीम घ्या: तीसही जणांनी एकाच क्षणी बटण दाबायचं, त्यात पाच जणांनी मुद्दाम न थांबणारा लूप लिहायचा. सर्व्हर बसणार असेल तर त्या दिवशी बसू दे.